ज्याला रक्त पडतंय त्याला आधी तपासा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरून सध्या जो वाद चालू आहे तो चुकीच्याच जागी चाललाय असं मला वाटतं. एक बाजू म्हणते, अमेरिकेत बघा, तिथल्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, आपण कधी जागे होणार, पंचेचाळिशी गाठली की प्रत्येकानं कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घ्यायलाच हवी. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं मोठ्या हॉस्पिटलांचं मार्केटिंग आहे, आपण भाकरी-भाजी-ताक खाणारी माणसं, हा गोऱ्यांचा आजार, निरोगी माणसाच्या आतड्यात नळी कशाला घालायची. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात आणि दोन्हीकडचे बोलतात ते फक्त निरोगी माणसाबद्दल. ज्याला आज, या आठवड्यात, संडासवाटे रक्त पडतंय आणि जो मेडिकलमधून मूळव्याधीची ट्यूब घेऊन घरी चाललाय, त्याच्याबद्दल या वादात कुणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रात, आणि खरं तर सगळ्या भारतात, कोलोनोस्कोपीच्या टेबलावर पहिला हक्क या माणसाचा आहे, दुसरा हक्क ज्यांच्या घरात हा कॅन्सर होऊन गेलाय त्यांचा, आणि धडधाकट माणसांच्या सरसकट तपासणीचा नंबर त्यानंतरचा.

पहिल्यांदा हे मान्य करते की तपासणीच्या बाजूचं विज्ञान भक्कम आहे, त्याला मार्केटिंग म्हणणं चूक आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका रात्रीत उगवत नाही, आधी आतल्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे कोंबासारखी छोटी वाढ, येतो, त्यातले बहुतेक पॉलिप आयुष्यभर काही करत नाहीत, पण ॲडेनोमा जातीचे काही पॉलिप वाढत वाढत साधारण दहा वर्षांत कॅन्सरपर्यंत पोचतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या बेसिल मॉर्सन यांनी मायक्रोस्कोपखाली वर्षानुवर्षं पॉलिप बघून हा प्रवास जगाला पटवून दिला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढला, आणि तिथून चित्रच पालटलं, कारण कॅन्सर व्हायच्या आधीच त्याचं मूळ काढता यायला लागलं. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या तपासणीत कॅन्सर लवकर सापडतो, इथे तो होण्याआधीच थांबवता येतो, हा फरक लहान नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीत ज्यांचे ॲडेनोमा काढले त्यांच्यात पुढे या कॅन्सरनं होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा निम्म्याहून कमी निघाले. मिनेसोटात दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त तपासून १३ वर्षांत मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले, तो निकाल १९९३ चा. जपाननं १९९२ पासून चाळिशीपुढच्या लोकांना दरवर्षी अशी तपासणी द्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आतड्यातला मोठा पॉलिप कॅन्सरचा निघाला, आतड्याचा जवळजवळ दोन फूट तुकडा काढावा लागला, आणि नंतर ते २००४ पर्यंत, नव्वदी ओलांडून जगले. हे सगळं खरं आहे.

आणि भाकरीचं काय? तर त्या बाजूचंही अर्धं बरोबर आहे. भारतात या कॅन्सरचं प्रमाण आजही कमी आहे, वय जमेस धरून काढलेला दर वर्षाला लाखामागे पाचच्या आसपास, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये तो याच्या कितीतरी पट. डेनिस बर्किट नावाचे सर्जन युगांडात बरीच वर्षं होते, त्यांना तिथे हा आजार क्वचितच दिसला आणि १९७१ च्या सुमारास त्यांनी मांडलं की भरपूर चोथा खाणाऱ्यांना हा कॅन्सर होत नाही. कल्पना इतकी सोपी आणि पटणारी की जगभर पसरली. पण २००० साली अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एकात गव्हाचा कोंडा दिला होता, दुसरीत कमी चरबीचं आणि भाज्या-फळांचं जेवण, आणि दोन्हींत पॉलिप परत येण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. म्हणून भाकरी सोडा असं कुणी म्हणत नाहीये, वजन, दारू, तंबाखू, प्रक्रिया केलेलं मांस यांचा संबंध आहेच आणि चोथ्याचे फायदे आहेतच. पण ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसा होईल’ म्हणत रक्ताकडे दुर्लक्ष करणारा माणूस आकडेवारीचा फार चुकीचा अर्थ काढतोय. लाखात पाच हा आकडा लाख लोकांबद्दल आहे, ज्याला महिनाभर रक्त पडतंय त्याच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता सरसकट कोलोनोस्कोपीवाल्यांचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात नावडता पुरावा एकच आहे, तो म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली नॉर्डिक चाचणी. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधले ५५ ते ६४ वयाचे ८४ हजारांवर लोक, त्यातल्या एक तृतीयांश लोकांना ‘या, कोलोनोस्कोपी करा’ असं बोलावणं गेलं, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांनी बोलावलेल्या गटात कॅन्सरचं प्रमाण ०.९८ टक्के, न बोलावलेल्यांत १.२० टक्के. म्हणजे एक कॅन्सर टाळायला ४५५ जणांना बोलवावं लागलं. मृत्यूंमधला फरक एवढा कमी होता की तो निव्वळ योगायोगही असू शकतो. हे आल्या आल्या एका बाजूनं ‘कोलोनोस्कोपी फेल’ म्हणून नाचायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूनं लगेच दाखवून दिलं की बोलावलेल्यांपैकी फक्त ४२ टक्के लोक आले होते, आणि जे खरंच आले त्यांच्यापुरता हिशेब केला तर मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. मला विचाराल तर दोघांनीही अर्धाच पेपर वाचला. तपासणी करून घेणाऱ्याला फायदा होतो हे खरं, आणि निम्म्याहून जास्त लोक बोलावूनही येत नाहीत हेही तितकंच खरं, आणि सरकारी योजना आखायची तर दुसरं सत्य जास्त महत्त्वाचं. स्वीडनसारख्या देशात, जिथे पत्र घरी येतं, पैसे सरकार देतं, तिथे ही गत. मग आपल्याकडे जिथे मुळात धोकाच कितीतरी कमी आहे तिथे एक कॅन्सर टाळायला ४५५ नाही, त्याच्या अनेक पट लोकांना बोलवावं लागेल. हे काही तत्त्वज्ञान नाही, साधा भागाकार आहे.

यावर उत्तर येतं की ठीक आहे, सगळ्यांना थेट स्कोपी नको, आधी फिट नावाची शौचाची टेस्ट द्या, त्यात रक्त सापडलं तरच स्कोपी. हे उत्तर नक्कीच जास्त शहाणपणाचं आहे. स्पेनमधल्या चाचणीचा २०२५ मध्ये निकाल आला, त्यात दर दोन वर्षांनी फिट करणं आणि एकदा कोलोनोस्कोपी करणं, दोन्हींत मृत्यूंचं प्रमाण दहा वर्षांनी जवळपास सारखं निघालं, आणि फिटसाठी लोक जास्त आले. पण आपल्या राज्याचा हिशेब करून बघा. साडेबारा कोटींच्या आसपासच्या महाराष्ट्रात समजा आपण फक्त एक कोटी लोकांना ही टेस्ट दिली आणि शंभरात पाच पॉझिटिव्ह धरले, तर पाच लाख कोलोनोस्कोपी आल्या. त्या कोण करणार आणि कुठे? गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली इथल्या माणसाला आज रक्त पडत असताना स्कोपीसाठी नागपूर, नाशिक, नांदेड गाठावं लागतं, तिथे मोठ्या सरकारी रुग्णालयांत आधीच रांग आहे. त्या रांगेत पाच लाख निरोगी माणसं उभी केली की मागे कोण सरकणार? ज्याला खरंच गाठ आहे तोच. शिवाय आपलं हवामान. शौचाच्या नमुन्यातलं हिमोग्लोबिन उष्णतेनं खराब होतं, इटलीत उन्हाळ्यात या टेस्टचे पॉझिटिव्ह कमी येतात हे दिसून आलंय, मग मे महिन्यात चंद्रपूरच्या आशाताईच्या पिशवीत दोन दिवस फिरलेल्या नमुन्याचं काय होईल? यावर उपाय नाहीत असं नाही, पण आधी ते इथे करून बघावे लागतील.

आणि करून बघायची आपल्याकडे परंपरा आहे, त्याचा मला खरंच अभिमान वाटतो. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तिथे सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली, २००९ मध्ये निकाल आला की एचपीव्ही या विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि तो निकाल जगभर वापरला गेला. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम करून दाखवलं की मॅमोग्राफी नसतानाही शिकवलेल्या आरोग्यसेविकेनं हातानं केलेली स्तनतपासणी कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर पकडते. या दोन्ही कामांत कुणी अमेरिकेची गाइडलाइन उचलून आणली नाही. आपल्याकडे काय परवडतं, कोण करू शकतं, इथून सुरुवात केली. मग आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीतच एवढी घाई कशाला? उलटं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे १९९९ पासून राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली, तिच्यासोबत थोड्या पैशांत थायरॉइडची सोनोग्राफीही करून द्यायला लागले, आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांची थायरॉइड ग्रंथी काढली गेली ज्यांना त्या कॅन्सरनं कधीच काही झालं नसतं. आतड्याचा पॉलिप आणि थायरॉइडची बारकी गाठ एक नाही हे मला मान्य आहे, पण ‘तपासणी केली तर नुकसान काय’ असं विचारणाऱ्यानं कोरिया डोळ्यासमोर ठेवावा.

‘पण आता तरुणांना होतोय त्याचं काय?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि तो हलका नाही. हॉलिवूडचा नट चॅडविक बोझमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याच कॅन्सरनं गेला तेव्हा सगळं जग हादरलं. टाटा हॉस्पिटलनं आपल्याकडच्या रुग्णांचा आढावा घेतला त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं, पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी कमी. यातला काही भाग आपली लोकसंख्याच तरुण असल्यामुळे आहे, जिथे तरुण जास्त तिथे रुग्णांमध्येही तरुण जास्त दिसणारच, हे विसरून आकडा फेकला जातो. पण ते बाजूला ठेवू. समजा तरुणांमध्ये खरंच वाढतोय. मग ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करून ३२ वर्षांच्या मुलीला काय उपयोग? सरासरी ४७ म्हणजे अर्ध्याच्या आसपास रुग्ण त्या वयाच्या आतले. त्यांना वाचवणारी गोष्ट एकच, लक्षण दिसल्याबरोबर कुणीतरी ते गंभीरपणे घेणं. अमेरिकेत २०२३ मध्ये पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी चार खुणा जास्त आढळल्या: पोटदुखी, गुदद्वारातून रक्त, जुलाब, आणि लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया. टाटाच्या त्या आढाव्यातही निम्म्याहून जास्त रुग्णांची तक्रार रक्त पडण्याचीच होती. म्हणजे तरुणांचा मुद्दा सरसकट तपासणीच्या बाजूनं नाही, तो माझ्या बाजूनं आहे.

मग लक्षण दिसल्यावर आपल्याकडे काय होतं? एसटी स्टँडच्या आजूबाजूच्या भिंती बघा, ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन हमखास इलाज’. रक्त पडलं की माणूस स्वतःच निदान करतो, कोंब आलाय, उष्णता झालीय, तिखट जास्त झालं. मेडिकलवाला ट्यूब देतो, शेजारची काकू इसबगोल सांगते, कुणी सुरण खा म्हणतं, कुणी ताक. आणि डॉक्टरकडे गेला तरी, हे मला सगळ्यात जास्त खुपतं, पुष्कळ ठिकाणी डॉक्टर टेबलाच्या पलीकडून विचारतात रक्त लाल आहे का, दुखतं का, आणि मूळव्याधीच्या गोळ्या लिहून देतात. बोट घालून तपासणी होतच नाही. माझ्या एका मामांचं असंच झालं, तालुक्याच्या गावी एकामागून एक औषधं बदलली, कोंबावर इंजेक्शनही झालं, आणि शेवटी शहरात एका सर्जननं ग्लोव्ह घालून तपासलं तर पहिल्या मिनिटात बोटाला गाठ लागली. गुदाशयाचा खालचा भाग बोटाच्या टप्प्यात असतो, सात-आठ सेंटीमीटर आतपर्यंत असलेली गाठ कुठल्याही मशीनशिवाय कळू शकते, आणि आपल्याकडे तर गुदाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण एकूणात मोठं आहे. अजून एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही: मूळव्याध सापडली म्हणजे कॅन्सर नाही असं सिद्ध होत नाही. मूळव्याध इतकी कॉमन आहे की कॅन्सर असलेल्या माणसालाही ती असू शकते, कोंब दिसला म्हणून वर बघायचं थांबवलं की घात होतो.

इथे आयुर्वेदावर घसरणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांच्यात नाही. भगंदरावर क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी लेप दिलेल्या दोऱ्याचा, उपयोग होतो हे आधुनिक चाचण्यांतही दिसलंय. आणि सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्र आहे, गाईच्या आचळाच्या आकाराची, चार अंगुळं लांबीची पोकळ नळी, बाजूला भोक ठेवलेली, ती आत घालून कोंब डोळ्यांनी बघायचा आणि मग उपचार करायचा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा आपला शल्यवैद्य म्हणत होता की न बघता औषध देऊ नका. मग ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी तर सगळ्यात आधी हा आग्रह धरायला हवा, नाही का? भिंतीवरच्या जाहिरातीतला माणूस सुश्रुताचा वारसदार नाही आणि न तपासता गोळी लिहिणारा एमबीबीएसही नाही.

दुसरी वाट याहून जास्त फसवी आहे, कारण तिथे रक्त दिसतच नाही. उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ असेल तर रक्त थोडं थोडं झिरपतं, शौचात मिसळून जातं, माणसाला फक्त थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेनं उतरलं तर ते रक्त कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय हे शोधल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देत राहणं म्हणजे आजाराला मुदत वाढवून देणं. पण आपल्याकडे ॲनिमिया इतका घरोघरी आहे की तो आजाराची खूण वाटतच नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत. पाळी, बाळंतपण, उपास, ‘बायकांना असतंच’ म्हणून वर्षानुवर्षं टॉनिक. आणि रक्त दिसलं तरी बाई सांगत नाही, सांगायचं कुणाला, सासूला, नवऱ्याला, पीएचसीतल्या पुरुष डॉक्टरला? ही लाज जीव घेते. तिच्यावर उपाय म्हणजे पडदा, महिला डॉक्टर किंवा शेजारी उभी राहणारी नर्स, आणि ‘संडासला रक्त पडतं का’ हा प्रश्न ‘ताप आहे का’ इतक्याच सहज विचारणारी आशाताई.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. तपासणीचा सगळा अर्थच असा की लक्षण दिसायच्या आधी पकडा, लक्षण येईपर्यंत उशीर झालेला असतो, मग लक्षणावर भर देणं म्हणजे हरलेली लढाई लढणं नाही का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. लक्षण आल्यावर सापडलेला कॅन्सर सरासरीनं पुढच्या टप्प्यातला असतो, आणि लक्षणावरून शोधून पॉलिप फारसे सापडणार नाहीत, म्हणजे कॅन्सर होणंच टाळण्याचा जो मोठा फायदा तो आपण बऱ्याच अंशी सोडून देतोय. हे मी उघड मान्य करते. पण ‘लक्षण आलं’ आणि ‘हाताबाहेर गेलं’ यांच्या मध्ये बरंच अंतर आहे, आणि आपल्याकडचे महिनेच्या महिने त्याच अंतरात वाया जातात. आतड्याच्या भिंतीतच असलेला कॅन्सर ऑपरेशननं काढला तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतर जिवंत असतात. लिव्हर-फुफ्फुसात पसरल्यावर सापडला तर अमेरिकेसारख्या ठिकाणीही हे प्रमाण सातातला एक असं काहीतरी होतं. गुदाशयाची गाठ लवकर सापडली तर पुष्कळदा शौचाची नैसर्गिक वाट वाचवता येते, उशिरा सापडली तर आधी शेक (रेडिएशन) आणि केमो, मग मोठं ऑपरेशन, आणि अनेकांना शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली की एका खास जनुकीय प्रकारच्या गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये नुसत्या इम्युनोथेरपीनं, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधानं, पहिल्या बाराच्या बारा रुग्णांची गाठ नाहीशी झाली. पण तेही पसरायच्या आधी सापडलेले रुग्ण होते, आणि त्या औषधाची किंमत आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्यातली नाही.

आणि लक्षणांवर काम करून खरंच फरक पडतो का, याचं उत्तर बाहेर कशाला शोधायचं, ते बार्शीत आहे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची, नोंदी घ्यायची आणि घेताना लोकांशी बोलायची, अंगावरून जास्त जातंय, मधेच रक्त जातंय, तर दवाखान्यात या. कुठलीही सरसकट टेस्ट नव्हती. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर घेऊन येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि ते शोधनिबंधात छापून आलं. तो वेगळा कॅन्सर होता, पण लाज तीच, अंतर तेच, पैशांची अडचण तीच. मग तिथे जमलं ते इथे का जमू नये?

कुणी म्हणेल, रक्त पडणाऱ्या प्रत्येकाला स्कोपी म्हणजे तेही लाखो लोक झाले, कारण त्यातल्या बहुतेकांना खरोखरच मूळव्याध किंवा फिशर असते. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी प्रत्येकाला स्कोपी म्हणत नाही, प्रत्येकाला तपासणी म्हणतेय. आधी नीट विचारपूस, मग बोटानं, मग प्रॉक्टोस्कोप, म्हणजे गुदद्वारातून आत बघायची छोटी नळी, आणि एक हिमोग्लोबिन. पंचविशीचा मुलगा, कडक संडास, दुखून दोन थेंब रक्त, आणि समोर चीर दिसतेय, तर त्याला मलम द्या आणि ठरावीक आठवड्यांनी परत बोलवा, थांबलं नाही तर पुढे पाठवा. चाळिशीपुढचा माणूस, सवय बदललीय, वजन उतरलंय, आव पडते, रक्त शौचात मिसळलेलं, घरात कुणाला होता, तर थेट स्कोपी. मधल्या लोकांसाठी फिट टेस्ट आहेच, इंग्लंडमध्ये आता लक्षणं असलेल्यांपैकी कुणाला आधी पाठवायचं हे ठरवायला तीच वापरतात, ती निरोग्यांवर वापरण्यापेक्षा इथे तिचा उपयोग जास्त. आणि जिथे पूर्ण कोलोनोस्कोपी नाही तिथे एनिमा देऊन छोट्या दुर्बिणीनं डावं आतडं बघता येतं, पोट साफ करायचं पेगलेकचं पाणी रात्रभर प्यायची गरज नाही.

दुसऱ्या हक्काचं, म्हणजे घरातल्यांचं. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या ॲन आर्बर गावात एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिनना सांगितलं होतं की माझ्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. आणि ती गेली, लहान वयात, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननी तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली, पुढे हेन्री लिंच यांनी तो धागा उचलला आणि आज आपण त्याला लिंच सिंड्रोम म्हणतो. अशा घरातल्या माणसाला विशीच्या मध्यापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागते. ज्यांना शेकडो पॉलिप होतात त्या आनुवंशिक आजारात तर आतडं काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. आणि असा काही सिंड्रोम नसला तरी आई-वडील किंवा भावंडाला झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा एकदा बघावं असं सांगितलं जातं. हे सगळं पुस्तकात आहे. पण ऑपरेशन होऊन डिस्चार्ज मिळालेल्या किती रुग्णांच्या कागदावर लिहिलेलं असतं की भावाला, बहिणीला, मुलांना दाखवून घ्या? इथे निरोगी माणसाला शोधायला गावोगाव हिंडावंही लागत नाही, तो वॉर्डबाहेर डबा घेऊन बसलेला असतो.

पैशाचं थोडक्यात. आपल्याकडे महात्मा फुले योजना, आयुष्मान कार्ड मुख्यतः माणूस ॲडमिट झाल्यावर कामाला येतात. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक यांना पैसे मिळतात, पण ओपीडीत रक्त पडतंय म्हणून करायची स्कोपी बहुतेक वेळा खिशातून. म्हणजे लवकर यायचे पैसे माणसानं द्यायचे आणि उशिरा यायचे सरकारनं. हे उलटं करायला नवीन मशीन लागत नाही, एक सरकारी निर्णय लागतो. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये सीईए नावाचा रक्तातला मार्कर तपासून निश्चिंत होतात, तो निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नाहीच, लवकरच्या टप्प्यात तो पुष्कळदा नॉर्मल येतो. मुंबई-पुण्यातल्या ज्या लोकांचं वजन, बसून काम, खाणं-पिणं पश्चिमेसारखं झालंय त्यांनी आपल्या डॉक्टरशी बोलून पन्नाशीत फिट किंवा स्कोपी केली तर माझी काही हरकत नाही. शहरांत प्रमाण वाढतंय, आणि धाराशिवसारखी नीट आखलेली चाचणी या शहरांत आजच सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. आणि लेस्टर, लंडन, न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांना मात्र हा लेख लागू नाही, इंग्लंडमध्ये घरी किट येतं आणि दक्षिण आशियाई घरांतून ते परत पाठवण्याचं प्रमाण कमी आहे, तुमच्या आईवडिलांच्या कपाटात पडलेलं असेल तर ते या आठवड्यात पाठवा.

इथे मात्र माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर एक ओळ छापा: ‘रक्त पडण्याची तक्रार – बोटानं तपासणी केली / नाही, का नाही’. ग्लोव्ह, जेली, प्रॉक्टोस्कोप, पडदा आणि सोबत नर्स. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातले ठरावीक दिवस फक्त अशा रुग्णांच्या स्कोपीसाठी. आणि वर्षाच्या शेवटी दोनच आकडे जाहीर करा, पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत किती दिवस गेले आणि निदान झालं तेव्हा कॅन्सर कुठल्या टप्प्यावर होता. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीत १९८७ पासून नोंदी ठेवणाऱ्या राज्याला हे दोन आकडे मोजणं अवघड नाही. ते खाली यायला लागले आणि टेबलं मोकळी राहायला लागली की मग पंचेचाळिशीच्या निरोगी माणसाला बोलवायचं की पन्नाशीच्या, यावर जरूर भांडू.